कळ

"सर, आत्ता काय दाबलंत?"

नव्या मुलीनं विचारलं तेव्हा माझी बोटं कळफलकावरून उठलीही नव्हती. पडद्यावर पंधरवड्याच्या ऊसबिलाची यादी होती. सूत्रांवर चालणारा एक रकाना मी नुसत्या आकड्यांत बदलून ठेवला होता, म्हणजे पुढं कुणी वजनाला हात लावला तरी बिल हलू नये. तिला फक्त पडदा पापणी लवल्यासारखा लवलेला दिसला. "ते पेस्ट स्पेशल," मी म्हणालो. "हो सर, पण कशानं?" आणि मी गप्प झालो. मला आठवेना म्हणावं, तर तेही खरं नाही. ते मला कधी आठवावंच लागलं नव्हतं. शेवटी कळफलक बाजूला सरकवला, टेबलाच्या काचेवर हात ठेवला, नजर पडद्याकडं वळवली आणि बोटांना मोकळं सोडलं. डावा अंगठा, मधलं बोट, अनामिका, तर्जनी. ती जिथं जिथं पडली तिथं मनातल्या मनात अक्षरं मांडली आणि तिला वाचून दाखवलं, "ऑल्ट, ई, एस, व्ही." तिनं वहीत लिहून घेतलं. मी मात्र बराच वेळ आपल्याच हाताकडं बघत राहिलो. वीस-पंचवीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसानं जेवता जेवता अचानक आपल्याला ठाऊक नसलेली भाषा बोलावी, तसं काहीसं वाटलं.

कीबोर्डला मराठीत कळफलक म्हणतात. बोलताना कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण शब्द मोठा गुणी आहे. कळ म्हणजे दाबली की कुठंतरी दुसरीकडं काहीतरी हलवणारी वस्तू. कळसूत्री बाहुल्या त्याच घरातल्या. भांडण लावून बाजूला उभा राहणारा कळ लावतो, आणि खोडकर पोर उगाच कळ काढतं. पोटात येते ती कळ, सोसायची तीही कळच. त्यातच 'कळणं' हे क्रियापद येऊन बसलं आहे. त्याचं कूळ वेगळं असेलही, पण कानाला ते सगळं एकाच वाड्यातलं वाटतं. शॉर्टकट या शब्दाला मात्र आपल्याकडं बरं नाव नाही. "शॉर्टकट मारू नकोस" हे आमच्या घरात शिवीच्या अलीकडचं बोलणं होतं. अभ्यासात शॉर्टकट, नोकरीत शॉर्टकट, म्हणजे माणूस घसरलाच. आणि मी आयुष्यभर पगार घेतला तो त्याच्याच जोरावर.

टायपिंग मी कराडला शिकलो. इन्स्टिट्यूट एका माडीवर होती, खाली किराणा दुकान. त्यामुळं ए-एस-डी-एफच्या ओळी अजूनही मला हळदीच्या आणि हिंगाच्या वासात आठवतात. त्या यंत्राची शिफ्ट ही खरोखरची शिफ्ट होती. मोठं अक्षर हवं असलं की करंगळीनं ती दाबायची आणि आतला लोखंडी डोलारा जागचा हलायचा. १८७८ साली रेमिंग्टनच्या दुसऱ्या नंबरच्या यंत्रावर ती आली, तेव्हापासून तिचं हेच काम. आता काहीही हलत नाही, नाव तेवढं राहिलं आहे. बोटांच्या सगळ्या गोतावळ्यात जे सर्वांत दुबळं, त्याच्या वाट्याला सर्वांत जड काम आलं, हे तेव्हा खटकलं नव्हतं. पुढं कंट्रोलची कळही त्याच करंगळीच्या पदरात पडली. पन्नाशी ओलांडल्यावर तिथून मनगटापर्यंत एक कळ जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. तो पंधरवडा बिलांचा होता.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात मी लागलो, तेव्हा तिथं दोन संगणक होते आणि दोन्हींवर तात्यांचं राज्य होतं. तात्या धोतर-टोपीतले नव्हते, सफारी घालत. पण जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून आलेले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे मला त्यांनीच सांगितलं. नऊ जणांना साडेतीन साडेतीन हजार उचल द्यायची म्हटली, की आम्ही पेन शोधेपर्यंत ते साडेएकतीस म्हणून मोकळे. त्यांच्या मते पाढे हा डोक्याचा विषयच नव्हता. ते जिभेला शिकवायचे असतात, डोकं मध्ये आलं की चुकतात.

तर असे तात्या लोटस वन-टू-थ्रीवर काम करायचे. माउस नव्हता. काळा पडदा, त्यावर आकडे, आणि सगळ्या हुकमांची सुरुवात एका तिरक्या रेघेनं. स्लॅश दाबली की वरती पर्यायांची ओळ उमटे, मग एकेक अक्षर. स्लॅश-एफ-एस म्हणजे फाइल जतन. स्लॅश-डब्ल्यू-ई-वाय म्हणजे अख्खं पान कोरं. हे शेवटचं त्यांनी मला सहा महिने शिकवलं नाही. ही तिरकी रेघ लोटसचीही नव्हे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू यंत्रासाठी व्हिझिकॅल्क केलं, त्यात ती होती. १९८३ साली लोटस आलं, त्यानं ती तशीच उचलली. ब्रिकलिन हार्वर्डला व्यवसायशास्त्र शिकत असताना फळ्यावर मास्तर तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहायचे. तिथून त्यांना ती कल्पना सुचली. आमच्याकडं फळा नव्हता, कीर्द होती, आणि कीर्दीत तर पुसायचीही मुभा नव्हती. लाल शाईनं एक रेघ, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही.

पुढं कारखान्यात विंडोज आलं, एक्सेल आलं. तात्यांनी पहिल्याच दिवशी सवयीनं स्लॅश दाबली. मी मनात म्हटलं, आता फजिती. पण वरचा मेन्यू जागा झाला! एक्सेलवाल्यांनी लोटसमधून येणाऱ्यांसाठी तो दरवाजा मुद्दाम ठेवला होता. तो अजून आहे. तुमच्या समोरच्या एक्सेलमध्ये कोऱ्या चौकोनावर उभं राहून स्लॅश दाबून बघा. माझ्या ऑल्ट-ई-एस-व्हीचंही तेच. त्यातली ई म्हणजे 'एडिट' हा मेन्यू २००७ सालीच गेला. नवी पट्टी आली, नवी चित्रं आली. तरी माझी बोटं त्या मोडलेल्या घराच्या दारातून आत जातात आणि आत खोली जिथल्या तिथं सापडते. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांतली माणसं अमक्याच्या घरावरून डावीकडं वळा असं सांगतात म्हणे, तसंच हे. फरक इतकाच, की इथं खरोखरच वळता येतं.

कॉपी आणि पेस्टचं कौतुक वेगळं करायला नको. झेड, एक्स, सी, व्ही या चार शेजारणी खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात बसल्या आहेत. चूक परत घ्यायची, कापायचं, उतरवून घ्यायचं, चिकटवायचं. जगातलं निम्मं कार्यालयीन काम या चौघींच्या ओसरीवर होत असावं. कट-कॉपी-पेस्ट रुजवणारे लॅरी टेस्लर २०२० साली गेले. ती बातमी मी कॉपी करून दोघा-तिघांना पाठवली, आणि पाठवून झाल्यावर मग माझ्या लक्षात आलं.

पण माझं प्रेम होतं ते कंट्रोल-डीवर. वर एक आकडा किंवा सूत्र, खाली हव्या तितक्या ओळी निवडलेल्या, आणि डी दाबली की वरचं सगळं सरसर खाली. तात्यांच्या हाताच्या याद्यांत याच कामाला दोन छोट्या उभ्या रेघा आणि दोन्हीकडं आडवी शेपूट असे. वरीलप्रमाणे. एकाच गावाचे चाळीस सभासद असले की गावाचं नाव एकदा आणि खाली एकोणचाळीस वेळा ती खूण. ती खूण काढतानाही त्यांचा हात प्रत्येक ओळीपाशी टेकायचा, डोळा प्रत्येक नावावरून जायचा. कंट्रोल-डीला कुठंच टेकावं लागत नाही.

एका हंगामात, बिल दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, मी एका रकान्याच्या चुकीनं उभा होतो. उभा म्हणजे खुर्चीतच, पण पडद्यावरचा चौकोन निव्वळ रकमेच्या रकान्याऐवजी एक घर डावीकडं, सोसायटी वसुलीच्या रकान्यात होता. कंट्रोल-शिफ्ट आणि खालचा बाण, सगळी यादी निवडली. कंट्रोल-डी. आणि लगेच, श्वास सोडावा तसं, कंट्रोल-एस. ही जतन करायची सवय भारनियमनानं लावलेली. हंगामात कारखान्याची वीज कारखान्यातच तयार व्हायची, पण गाळप थांबलं की आम्हीही गावासारखेच अंधारात. युपीएस टीं टीं करू लागला की करंगळी आपोआप खाली जायची. मग युपीएस न ओरडतासुद्धा जाऊ लागली. त्या काळच्या एक्सेलला सोळाच पावलं मागं जाता येई, आणि फाइल जतन केली की तीही पुसली जात. माझ्या दोन चांगल्या सवयींनी मिळून ते काम पुरं केलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो वाचून ताळा घेताना. तात्या तेव्हा निवृत्तीला आले होते. पडद्यावरचं खरं धरायचं नाही, छापून काढायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खूण करायची, हा त्यांचा नेम. फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. नाव, वजन, भाव, सोसायटी. पुढचं नाव, वजन, भाव, सोसायटी. चौथ्या ओळीला त्यांचा आवाज जरा हळू झाला. सातव्या ओळीला त्यांनी चष्मा काढला.

"का रं, सगळ्या गावानं मिळून एकच कर्ज काढलंय व्हय?"

पहिल्या नावावरची वसुली चारशेवर माणसांच्या अंगावर चढली होती. त्यात ज्यांनी कधी सोसायटीचा उंबरा ओलांडला नव्हता अशी माणसं होती, आणि एक विधवा बाई होती जिचा सगळा ऊसच तेवढ्या रकमेचा नव्हता. सोसायट्यांच्या कागदी याद्या काढल्या आणि रात्रभर पुन्हा आकडे भरले. तात्या वाचत होते, मी भरत होतो. बाहेर गव्हाणीत ऊस पडल्याचा आवाज, मळीचा गोडसर आंबूस वास, मध्येच बॉयलरची वाफ सुटायची. पहाटे त्यांनी चहा सांगितला आणि मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढं एक्सेल बदललं, आता शंभर पावलं मागं जाता येतं, जतन केल्यावरही जाता येतं. पण कंट्रोल-डीच्या आधी माझी नजर एकदा वर रकान्याच्या डोक्याकडं जाऊन येते, आणि तेवढ्यापुरता माझा वेग नव्या पोरांपेक्षा कमी आहे.

वाचवलेल्या वेळाचं काय केलं, असं बायको कधीकधी विचारते. घरी सहाच्या आधी कधी आलो नाही, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. वेळ वाचला की कारखाना आणखी एक यादी मागायचा. त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही.

वेळ वाचवण्याची हौस मात्र संगणकाची नव्हे. आमच्याकडची जुनी पत्रं काढून बघा. मी कराडला खोली घेऊन राहत होतो, तेव्हा वडिलांचं पंधरा पैशांचं पोस्टकार्ड यायचं. वरती कोपऱ्यात 'श्री', मग 'चि.' आणि माझं नाव, 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. नातेवाइकांना 'सा. न. वि. वि.' पत्त्यात 'मु. पो.', 'ता.', 'जि.' सगळा बारदाना टिंबांत बांधलेला. पोस्टकार्डाची जागा मोजकी, आणि वडिलांच्या बोलण्याचा साठाही मोजकाच. म्हैस व्याली. विहिरीला पाणी बरं आहे. जेवणाची आबाळ करू नये. आणि शेवटी 'क. लो. अ.' कळावे, लोभ असावा.

आता बापानं मुलाला 'लोभ असावा' लिहायची रीत नाही. आशीर्वाद देणाऱ्यानं लोभ मागायचा नसतो. खोलीतल्या माझ्या सोबत्यानं एकदा ते वाचून माझी थट्टाही केली होती. सुट्टीत घरी गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, "दादा, मला कशाला ते क. लो. अ. लिहिता?" ते गोंधळले. त्यांना आपण तसं लिहितो हेच ठाऊक नव्हतं. "हात जातो तिथवर," म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी होते ते, दिवसाला दहा पत्रं लिहीत, हात जाणारच. त्यानंतर आलेल्या कार्डावरही ते होतंच. माझ्याशी समोरासमोर ते जे बोलले ते सगळं मिळून एका वहीत मावेल. त्यात लोभ हा शब्द कुठंही सापडणार नाही. टिंबांत मात्र तो दर पंधरवड्याला यायचा.

मोकळ्या वेळात, म्हणजे यादी छपाईला लावली की, मी एक खेळ खेळायचो. कोरं पान उघडायचं आणि कंट्रोल धरून खालचा बाण दाबायचा. एका उडीत पानाचा तळ. जुन्या एक्सेलला तो ६५,५३६ व्या ओळीत होता. २००७ चं एक्सेल आलं तेव्हा ही जमीन बरोबर सोळापट झाली: १०,४८,५७६ ओळी. कुणाच्या सातबाऱ्यावर न चढलेली, बांध ना बुरुज, सगळी रेघारेघांची पडीक. आमच्या तालुक्याचे सगळे सभासद एकाखाली एक उभे केले तरी वरच्या कोपऱ्यात मावले असते. तिथं तळाशी काही नसतं. शेवटची ओळ, तिच्याखाली राखाडी. मी तिथं क्षणभर थांबायचो, मग कंट्रोल-होम, की परत वेशीच्या आत, पहिल्या चौकोनात. लहानपणी संध्याकाळी नदीच्या कडेपर्यंत पळत जायचं आणि पाण्याला हात लावून परत यायचं, असा आमचा नेम होता. त्याचंही काही कारण नव्हतं.

३१ मेला मी निवृत्त झालो. त्याआधी महिनाभर त्या मुलीसाठी एक वही केली. लिहायला अवघड गेलं. प्रत्येक कळ आधी काचेवर दाबून बघायची, मग लिहायची. कंट्रोल आणि अर्धविराम म्हणजे आजची तारीख. ती एकदा पडली की पडली, उद्या फाइल उघडली तरी तीच राहते. 'टुडे'चं सूत्र टाकलं तर तारीख रोज बदलते. "यातलं बरं कुठलं, सर?" तिनं विचारलं. बिलाला पहिलं, म्हणालो. वहीच्या बदल्यात तिनं मला कंट्रोल-ई शिकवली. पूर्ण नावांच्या रकान्याशेजारी एकाचं आडनाव आपण लिहायचं, ई दाबायची, बाकीच्यांची आडनावं एक्सेल स्वतःच ओळखून भरतं. २०१३ पासून हे तिथं होतं आणि मी दर हंगामाला आडनावं हातानं वेगळी करत होतो! मी हसलो, तीही हसली, पण जरा सांभाळून. शेवटच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर मी यंत्र बंद करायला म्हणून बसलो, बिलाची फाइल उघडली, एकदा तळापर्यंत जाऊन आलो आणि सवयीनं कंट्रोल-एस केलं.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला आणि पहिल्या पंधरवड्याच्या बिलाला तिचा फोन आला. आवाजात घाबरलेपण होतं.

"सर, गेल्या वर्षीचीच फाइल कॉपी करून घेतली होती. छापायला लावली तर वीस हजारांच्या वर पानं दाखवतंय."

मी हिशेब केला. एका पानावर पन्नासेक ओळी धरल्या तर बरोबर तेवढीच भरतात. कारण मला माहीत होतं, आणि ते फोनवर सांगायचं म्हणजे पंचाईत होती. "कंट्रोल-एंड दाबून बघ," एवढं म्हटलं. पलीकडं कळांचा आवाज आला.

"शेवटच्या ओळीत काहीतरी पडलंय, सर. क, टिंब, लो, टिंब, अ, टिंब. हे कुठलं फंक्शन नाही ना? कुणाच्या हातून चुकून आलंय वाटतं. खोडू?"

माझा डावा हात टेबलावर होता. करंगळी खाली गेलेली, कशावर ते मला सांगता आलं नसतं. "चुकून नाही," मी म्हणालो. पुढं काय सांगावं ते सुचेना, आणि तोवर तिकडून कुणीतरी दुसऱ्या यंत्रावर यादी भरत असल्याची टकटक ऐकू येत राहिली.